तीन टक्के माणूस असलेला घेवडा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको.

सरांचा घेवड्यावरचा शोधनिबंध नियतकालिकाने परत पाठवला. सोबत परीक्षकाची एकच ओळ होती: ‘आपल्या घेवड्यात तीन टक्के माणूस आहे. हे मुद्दाम केलं आहे का?’

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. सोळा वर्षं घेवड्याच्या जनुकांवर काम करताहेत, आणि घेवड्याला कोणी नाव ठेवलं की घरच्या माणसाला ठेवल्यासारखं त्यांना लागतं. मी त्यांच्याकडे संगणकावर बसते. घेवड्याची पानं कुटून त्यातला डीएनए नळीत घेतात, यंत्र तो वाचतं, आणि वाचलेले तुकडे माझा प्रोग्रॅम जागच्या जागी लावतो. घेवड्याशी न जुळणारे तुकडे मी सहा वर्षं खुशाल फेकून देत होते. ते कोणाचे, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ही माझी चूक, कबूल.

“कोणीतरी नळ्यांत घाण केलीय!” सर ओरडले आणि त्यांनी थेट मावशींकडे बघितलं.

मावशी नळ्या धुतात, भांडी वाफेवर तापवतात, पहिल्या वर्षाच्या मुलांना हातमोजे घालायला शिकवतात. नऊ वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या विभागातून आमच्याकडे आल्या. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. काम करताना गुणगुणतात, एवढाच त्यांचा गुन्हा.

“तुम्ही गुणगुणता,” सर म्हणाले. “तोंड उघडं असतं.”

“सर, ओठ मिटूनच गुणगुणतात,” मी म्हटलं.

“तुम्ही मधे बोलू नका!”

दुपारी फळ्यावर सूचना लागली, सरांच्या स्वतःच्या अक्षरात: ‘ज्या व्यक्तीमुळे नमुने दूषित झाले ती सिद्ध होताच प्रयोगशाळेबाहेर जाईल. पहिल्या वर्षाच्या मुलांसोबत स्वच्छ हाताळणीचं प्रात्यक्षिक पूर्ण करून शंभरपैकी शंभर गुण मिळाल्याशिवाय पुन्हा आत पाऊल ठेवता येणार नाही. कोणाचीही गय केली जाणार नाही.’ खाली सही, सहीखाली दोन रेघा. आणि सिद्ध वगैरे काही व्हायच्या आतच मावशींची रवानगी तळघरात, जुनी कागदपत्रं लावायला.

संध्याकाळी मी खाली गेले. मावशी खोक्यावर बसून आपले तळहात बघत होत्या.

“नऊ वर्षं हात धुऊन धुऊन रेषा पुसल्या गं माझ्या,” त्या म्हणाल्या. “तरी माझंच असेल का? कधी चुकून हात लागला असेल...”

असा संताप आला मला! ज्या बाईने आम्हा सगळ्यांना हात धुवायला शिकवलं, तिलाच स्वतःच्या हातांबद्दल शंका यावी? मी म्हटलं, “मावशी, घरी जा, निवांत झोपा. दोन दिवस द्या मला.”

आमच्या विभागाचे सोळा वर्षांत अकरा निबंध छापून आलेत. प्रत्येकाचा कच्चा मजकूर, म्हणजे यंत्राने वाचलेले सगळे तुकडे, कोणालाही उतरवून घेता येतो. मी तेच केलं. दुसरा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याने अकराही निबंध चाळून कोणत्या वर्षी कोण काम करत होतं याचा तक्ता बनवला. शेजारच्या रकान्यात त्या वर्षीचा घेवडा किती टक्के माणूस होता, ते भरलं. तक्ता बघून मी खुर्चीतच हसत सुटले. मग प्रिंट काढली आणि तरातरा सरांच्या खोलीत गेले. जाता जाता तळघरातून मावशींनाही वर ओढून आणलं.

“सर, हा माणूस सोळा वर्षांपूर्वीही घेवड्यात होता. मावशी तेव्हा या विभागात नव्हत्याच. दुसरं, सगळीकडे माणूस एकच आहे. तिसरं, तो पुरुष आहे, वाय गुणसूत्र सापडलंय. विद्यार्थी आले आणि गेले. अकराही निबंधांत असलेलं नाव फक्त एक.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “अहो, मी मार्गदर्शक आहे! माझं नाव असणारच! हा काय पुरावा झाला?” त्यांनी तक्ता हिसकावून घेतला, त्यावरून बोट फिरवलं आणि एकदम उडालेच. “हे बघा! चार वर्षांपूर्वीचा निबंध! माणूस शून्य टक्के! आणि नाव आहे माझं! आता बोला!”

खरं सांगते, इथे मी फसले. ते शून्य मी बघितलं होतं, पण हसण्याच्या नादात त्याचा विचारच केला नव्हता. सर विजयी चेहऱ्याने मावशींकडे वळले.

“आणा हो नवीन नळ्या. दाखवतोच यांना मी किती जपून काम करतो ते.”

मावशींनी नळ्या आणल्या. नळ्यांवर क्रमांक सर स्वतःच घालतात. दुसऱ्या कोणाच्या अक्षरावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांनी हातमोजे चढवले. झाकणं उघडून नळ्या ओळीने उभ्या केल्या. एक उचलली, पेनाने सुबक ‘१’ काढला, आणि शाई फिसकटू नये म्हणून नळी तोंडापाशी नेऊन प्रेमाने फुंकर घातली. मग दुसरी. पुन्हा फुंकर. तिसरी.

मी तोंड उघडलं, पण मावशी आधी बोलल्या, अगदी हळू.

“सर, चार वर्षांपूर्वी तुम्ही सायकलवरून पडला होता ना? जबडा तारेने बांधलेला. तीन महिने पाटीवर लिहून ओरडायचात आमच्यावर.”

सरांच्या हातात चौथी नळी होती. गाल फुगलेले होते. त्या फुगलेल्या गालांनी ते मावशींकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग नळीकडे. हवा कुठे सोडावी तेच त्यांना कळेना. शेवटी नाकाने सोडली.

“म्हणजे सोळा वर्षं...” ते खुर्चीत बसले. “माझा घेवडा...”

“तुमचाच आहे, सर,” मी म्हटलं. “तीन टक्के तर नक्कीच.”

माणूस शब्दाचा पक्का, हे मात्र मानलं. मावशींची त्यांनी माफी मागितली, तीही बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर. परीक्षकालाही स्वतःच कळवलं: ‘मुद्दाम नव्हतं. माणूस मीच.’ फळ्यावरची सूचना मी काढायला गेले, तर मला थांबवलं. “राहू द्या. सही माझी आहे.”

सोमवारी पहिल्या वर्षाच्या वर्गात, पहिल्या बाकावर, सतरा वर्षांच्या दोन मुलींच्या मधे आमचे विभागप्रमुख बसले. शिकवायला मावशी. प्रात्यक्षिक सोपं आहे: नळीवर आपला क्रमांक घालायचा, शुद्ध पाणी भरायचं, झाकण लावायचं, नळी यंत्रात ठेवायची. पाण्यात माणूस सापडला की पडद्यावर लाल चौकोन आणि गुण शून्य. गुण माझा प्रोग्रॅम देतो. त्यात कोणाचीही ओळख चालता कामा नये, असं सरांनीच तीन वर्षांपूर्वी मला बजावलं होतं.

सगळा वर्ग हिरवा झाला. एकच चौकोन लाल.

“पण मी तर फुंकर घातलीच नाही!” सर उठून उभे राहिले.

“घातलीत, सर,” डावीकडची मुलगी म्हणाली.

“दोनदा,” उजवीकडची म्हणाली.

सर खाली बसले. वर्ग सुटल्यावर मी मावशींना म्हटलं, “सोळा वर्षांची सवय आहे हो. हे काही पास होत नाहीत.”

मावशी गुणगुणत नळ्या गोळा करत होत्या. सरांची नळी त्यांनी उजेडात धरून बघितली आणि धुवायच्या टोपलीत टाकली.

“आठ महिने आहेत माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “करते त्यांना पास.”