सातवी दुखापत

चॅम्पियनचा उजवा अंगठा मोडल्याची बातमी मला सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कळली, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की या खेपेला अंगठ्याची पाळी नव्हती, बरगडीची होती.

बातमी आणली माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं. तो चॅम्पियनचा मॅनेजर. मी मुष्टियुद्ध मंडळाची सचिव. घरात ही व्यवस्था सगळ्यांना फार सोयीची वाटते, मला सोडून. "ताई, एवढं बघ गं," म्हणून त्यानं डॉक्टरच्या दाखल्याचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि माझ्याच ग्लासातलं पाणी प्यायला.

"कसा मोडला?"

"सराव करताना."

"आणि गेल्या वर्षी?"

"तेव्हाही सराव करताना."

"मग त्याचा सराव बंद कर बाबा. लढतीत एकदाही काही मोडत नाही त्याचं."

"तुझी जीभ ना ताई, ती रिंगमध्ये उतरवायला पाहिजे," असं म्हणून तो हसला आणि गेला. त्याला माहीत होतं, ताई बोलते फार आणि मग दाखला फाइलला लावते.

आमच्या मंडळाचा नियम साधा आहे. क्रमवारीत पहिला असलेला माणूस चॅम्पियनला आव्हानाचं पत्र देतो. चॅम्पियननं तीस दिवसांत हो म्हणायचं किंवा विजेतेपदाचा पट्टा सोडायचा. दुखापत असेल तर ते आव्हान बाद होतं, आणि पहिल्या नंबरवाल्यानं सहा महिने थांबून नवं पत्र द्यायचं. आमचा पहिला नंबर चार वर्षं एकच माणूस आहे. दिवसा तो दारं-खिडक्या बनवतो, म्हणून सगळे त्याला सुतारच म्हणतात. सुताराची ही सातवी खेप. आधीच्या सहा पत्रांना सहा उत्तरं आली होती, सगळी सत्ताविसाव्या ते एकोणतिसाव्या दिवसात: अंगठा तीनदा, बरगडी दोनदा, पाठ एकदा. प्रत्येक दुखापत दोन महिन्यांत खडखडीत बरी झाली. बरं झालं की चॅम्पियन लगेच कुणाशी तरी लढला. नवव्या नंबरशी लढला, अकराव्याशी लढला, चौदाव्याशी तर दोनदा. एकदा अशा गृहस्थाशी लढला, ज्यानं आदल्याच आठवड्यात आपण खेळ सोडून मेहुण्याच्या दूध डेअरीत बसणार असल्याचं जाहीर केलं होतं. चार वर्षांत अशा आठ लढती लढला, आठही जिंकला. लोक त्याला 'डोंगर' म्हणतात. आता डोंगर कुणाकडे चालत जात नाही हे खरं, पण हा डोंगर बाजूला सरकायचा मात्र फार चपळाईनं.

सगळं ठाऊक असूनही मी इतकी वर्षं नुसती बोलत खुर्चीत बसून होते. त्या सोमवारी मात्र मला खुर्चीत बसवेना. कारण शनिवारी सुताराला छत्तीस वर्षं पूर्ण होणार होती. छत्तीस पूर्ण झालेल्याला पट्ट्यासाठी पहिल्यांदा उभं राहता येत नाही, आणि करारावर सही त्याच्या आत व्हावी लागते. आठवं पत्र लिहायची सोय नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी पाचला कचेरी बंद झाली, की त्या माणसाचं प्रकरणही बंद.

मंगळवारी तो आला. कानाच्या मागे पेन्सिल, शर्टावर भुसा. खुर्चीवर बसायच्या आधी त्यानं ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली, आणि "एक पाय आखूड आहे हिचा," म्हणून उभाच राहिला.

"उत्तर आलं का बाई?"

"आलं."

"या वेळी काय?"

"अंगठा. उजवा."

"उजवा तर गेल्या वर्षी झाला होता."

"पुन्हा झाला."

तो हसला. फार गोड हसायचा तो, त्यामुळे त्याला नाही म्हणणं सगळ्यांना सोपं जायचं. "बायको म्हणते, त्याला हाडांचा डॉक्टर बदलायला सांगा. निदान या डॉक्टरला तरी क्रमवारीत घ्या, चॅम्पियनला एवढ्यांदा आडवं करणारा दुसरा कोणी नाही."

मी हसले. नोंदवही माझ्यासमोर उघडी होती. ती त्याच्या बाजूनं उलटी दिसत होती, पण नकाशे उलटसुलट वाचायची त्याला सवय. त्यानं बोट टेकवलं. नखाखाली पॉलिशचा तपकिरी डाग.

"सहा ओळी माझ्या. तारीख, दुखापत, दाखला, शिक्का. मग हा शेवटचा रकाना सहाही ठिकाणी मोकळा कसा?"

"कोणता?"

"'मंडळाच्या डॉक्टरची तपासणी'. असं काही असतं?"

"असतं," मी म्हटलं. "दाखल्याबद्दल शंका आली तर तीन दिवसांत आपल्या डॉक्टरकडून तपासून घेता येतं."

"शंका कुणाला यावी लागते?"

"सचिवाला."

"सचिव कोण?"

बाहेरच्या खोलीतला फोन वाजायला लागला. तो वाजत राहिला. मी उठले नाही.

"मी," मी म्हटलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त बोट उचललं, पेन्सिल नीट खोचली आणि म्हणाला, "आज एक दार बसवायचंय. येतो."

तो गेल्यावर मी ते पान बराच वेळ बघत बसले. पहिल्या वेळी धाकटा दाखला घेऊन घरी आला होता, आईसमोर. "ताई, माझ्यावर शंका घेणार का तू?" असं त्यानं विचारलं, आणि आई माझ्याकडे बघायला लागली. दुसऱ्या वेळी त्याला विचारावंच लागलं नाही. तिसऱ्या वेळेपासून शाईचं पेन त्या रकान्यापाशी येऊन आपोआप पुढच्या ओळीवर जायला लागलं. गावभर मी सांगत फिरायचे की डोंगर सुताराला टाळतोय. टाळणाऱ्यांच्या यादीत स्वतःचं नाव घालायला मात्र मी साफ विसरले होते.

मी तपासणीचा हुकूम लिहिला. बुधवार, सकाळी अकरा. मग धाकट्याला फोन केला.

"तू शुद्धीवर आहेस ना?" तो ओरडला. "सहा वेळा नाही, आणि आताच बरी आठवण झाली?"

"आता आठवण झाली."

"लोक म्हणतील आधीच्या सहांचं काय? तुझीच नोकरी जाईल ताई."

"जाईल कदाचित."

"आईला काय सांगू?"

"मी शंका घेतली म्हणून सांग."

तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "तुला काय वाटतं, मी अडवतोय त्याला? मी पहिल्या पत्रालाच हो म्हणालो होतो. डोंगरच नको म्हणतो. मी फक्त कारणं शोधतो."

"सुचतात मात्र तीच तीच."

त्यानं फोन आपटला.

बुधवारी डोंगर आला. दरवाज्यातून आत यायला त्याला खांदा तिरपा करावा लागला. अंगठ्याला एवढं मोठं बँडेज, की वाटावं आत आणखी एक मूठ लपवली आहे. आमचे डॉक्टर वयस्कर आणि जन्माचे सौम्य. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. चॅम्पियनच्या अंगाला हात लावायची त्यांची हिंमत होईना. शेवटी डोंगरानं स्वतःच दातांनी गाठ सोडली आणि बँडेज उलगडून टेबलावर ठेवलं. अंगठा लहान बाळासारखा धडधाकट.

"काही नाही यात," तो म्हणाला. "लिहा."

डॉक्टर लिहायला आत गेले. धाकटा व्हरांड्यात फोनवर कुणाला तरी झापत होता. खोलीत मी आणि डोंगर. मला राहवलं नाही.

"एवढा का घाबरतोस त्याला?" मी त्याला पोरसवदा होता तेव्हापासून अरेतुरे करते.

"घाबरतो असं नाही ताई." मग त्यानं विचार केला. "घाबरतोच म्हणा. अकरा वर्षांपूर्वी आम्ही एकाच आखाड्यात होतो. मास्तरांनी एकदा दार लावून आमच्या तीन फेऱ्या घेतल्या. त्याचा डावा हात कुठून येतो ते मला तिन्ही फेऱ्यांत कळलं नाही. पडलो नाही, उभा होतो. पण घरी कसा गेलो ते आठवत नाही."

"अकरा वर्षं झाली त्याला."

"हो ना. नववा नंबर आला की काय होणार ते मला आधीच ठाऊक असतं. चौदावा आला की त्यालाही ठाऊक असतं. सुतार आला की मला ठाऊक नसतं. पट्टा नव्हता तेव्हा ठाऊक नसल्याचंच अप्रूप वाटायचं मला. आता रोज सकाळी उठलो की आधी कपाट उघडून बघतो, आहे ना म्हणून." तो बँडेजची गुंडाळी करायला लागला. "बायको म्हणते, तू पट्टा राखतोस की पट्टा तुला राखतो?"

अहवाल आला: तंदुरुस्त. आता नियमानं दोन दिवसांची मुदत. शुक्रवारी पाचपर्यंत सही, नाहीतर पट्टा सोडायचा. डोंगर सही न करता गेला. धाकटा जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "पट्टा सोडला तर पुढच्या महिन्यात मोकळ्या पट्ट्याची लढत. त्यात तुझा सुतार बसत नाही, छत्तिशी उलटलेली असेल. केलंस काय तू, ताई?"

हे मला सुचलंच नव्हतं. बावीस वर्षं नियमांची वही माझ्याच कपाटात आहे, आणि हे मला सुचलं नव्हतं.

गुरुवारी कुणी आलं नाही. मी तीनदा जिना उतरले, तीनदा चढले, दोन फाइली चुकीच्या खणात ठेवल्या. शुक्रवारी सुतार सकाळी नऊलाच येऊन बसला, त्याच आखूड पायाच्या खुर्चीवर. बाराला बायकोनं दिलेला डबा उघडला आणि तसाच बंद केला. दोनला खिशातून घडी घातलेला सॅंडपेपर काढून तो माझ्या टेबलाची कड घासायला लागला. मी नको म्हटलं नाही. चार वाजले. सव्वाचार वाजले.

चार पंचवीसला खोलीतला उजेड अडला. डोंगर दारात होता, मागे धाकटा, चेहरा पाडून. डोंगर सरळ टेबलाशी आला, करार वाचला नाही, सही केली आणि पेन सुतारापुढे ठेवलं. "सात आठवड्यांनी," तो म्हणाला.

सुतारानं पेन उचललं. मग करार वाचायला लागला. सगळा वाचला. पहिलं पान पुन्हा वाचलं. चार पस्तीस झाले.

"सात आठवडे," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "थोडे कमी नाही होत का बाई? म्हणजे, तयारीला."

मग धाकट्याचा चेहरा एकदम उजळला. "अहो, दहा करू ना! बारा करू! तुमच्या सोयीनं. नवा कागद टाइप करायचा, सोमवारी आरामात सह्या." इतकं प्रेमानं तो माझ्याशीसुद्धा कधी बोलला नाही.

सोमवारी. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सचिवानं सहीच्या वेळी कुणाच्याही बाजूनं बोलायचं नसतं, आणि हा नियम मला नेमका पाठ होता. सुतार कागदाकडे बघत होता. चार वर्षं ज्या कागदासाठी पत्रं लिहिली, तो आता गरम तव्यासारखा त्याच्यापुढे पडला होता आणि त्याचा हात जवळ जात नव्हता.

डोंगर खाली वाकला. त्याच्या अंगाच्या मानानं फार हळू आवाजात म्हणाला, "तुझंही तसंच होतंय का रे?"

सुतारानं मान वर केली. "हो."

"कधीपासून?"

"आत्ता. तू सही केलीस तेव्हापासून." मग जरा चिडून, "तू करणार नाहीस असं धरूनच चाललो होतो मी. सवय झाली होती."

डोंगर हसला. चार वर्षांत त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं. "बरं झालं. मला वाटलं मी एकटाच." धाकट्याकडे वळून तो म्हणाला, "नवा कागद नको. हाच." आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला, पाठ करून, जशी कुणी दुसऱ्याला कपडे बदलायला सवड द्यावी.

सुतारानं चार अठ्ठेचाळीसला सही केली. मी शिक्का मारला. धाकटा माझ्याशी एक शब्दही न बोलता डोंगराच्या मागोमाग जिना उतरला. रविवारी आईकडे जेवायला तो येणार नाही हे त्याच्या पावलांवरूनच कळत होतं.

सुतार मात्र उठेना.

"झालं," मी म्हटलं. "घरी जा आता. बायको वाट बघत असेल."

"तेच ना. ती विचारेल, आता तरी रात्री नीट झोपशील ना म्हणून." त्यानं कपाळ पुसलं. "सात आठवडे म्हणजे किती दिवस हो?"

"एकोणपन्नास."

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पाणी मागितलं. दोन ग्लास प्यायला.

"एकोणपन्नास," तो म्हणाला, आणि जिना उतरायला लागला. खाली पोहोचायच्या आत त्याचा वेग वाढला होता. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा तो घराच्या दिशेला वळला नव्हता. आखाड्याच्या दिशेनं चालत होता, जवळजवळ धावत, आणि डबा माझ्या टेबलावरच राहिला होता.