दर दोन तासांनी कूस

"ओढायचं नाही गं, म्हातारीची कातडी आहे ती, चादर नव्हे," घड्याळबाई म्हणाली. "एक हात खांद्याला, एक कमरेला. दोन्ही एकदम. हं, आता वळव."

नव्या मुलीने आजींना वळवलं. आजींच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी. घड्याळबाईने भिंतीवरच्या तक्त्यात दहाच्या रकान्यात खूण केली. पोरीच्या हाताला चांगलं वळण होतं, ते पाहून घड्याळबाईला फार बरं वाटलं.

'घड्याळबाई' हे नाव या घरच्या सुनेनं ठेवलेलं. घरात पाहुणे असोत की भांडण, दर दोन तासांनी आजींची कूस बदलायची म्हणजे बदलायची. चार वर्षांत आजींच्या पाठीवर लाल ठिपका उठला नव्हता. लोक नवा फ्रिज दाखवतात तशी सून आल्यागेल्याला सासूची पाठ दाखवायची.

ज्या संस्थेनं घड्याळबाईला इथं नेमलं होतं, तिच्याकडे बायांचा दुष्काळ होता. दुकानात उभं राहून कपडे विकले तरी तेवढाच पगार मिळतो, आणि कपडे काही अंथरूण ओलं करत नाहीत. वर्षभरात या घरात पाच मुली आल्या आणि गेल्या. एकीला आजी कडकडून चावल्या. अंगात बळ नव्हतं, दात मात्र शाबूत होते. एक तर चपला टाकून पळाली ती त्या न्यायलाही परत आली नाही. संस्थेच्या मॅडमची अट सरळ होती. नवी टिकली तर पंधरा दिवस रजा, नाहीतर रजेचं नावही काढायचं नाही.

आणि रजा हवीच होती. घड्याळबाईची आई सात महिने अंथरुणाला खिळलेली. माकडहाडापाशी जखम झाली होती. गेल्या आठवड्यात तिच्यात करंगळीचं टोक मावलं असतं, आता अंगठ्याचं मावेल. डॉक्टर म्हणाले होते, "नेमानं कूस बदला, भरून येईल. नाहीतर हाडापर्यंत जाईल." आज निघताना तिने आईला सांगितलं होतं, "एवढा दिवस काढ. उद्यापासून मी घरीच."

बारा वाजता नवीने एकटीने कूस बदलली. चमच्याने भरवलं. आजी चावल्या तर नाहीतच, उलट तिचं बोट धरून राहिल्या. सून दारातून म्हणाली, "बाई, ही तर तुमच्याहून सरस निघाली!" चार वर्षं राबल्याचं हे फळ. पण आज घड्याळबाईला तेही गोड लागलं.

दोनची खूण झाल्यावर दोघी चहा घेत बसल्या.

"मावशी, तुमच्या घरी कोण असतं?"

"आई. ती पण अशीच, पडून."

"मग त्यांची कूस कोण बदलतं?"

इथं खोटं बोलायला हवं होतं. बहीण आहे, भावजय आहे, काहीही खपलं असतं. पण न केलेल्या कामाची खूण तिने जन्मात कधी तक्त्यावर केली नव्हती, आणि ती सवयच आता मुळावर आली.

"सकाळी निघताना मी. मग घरी गेल्यावर मीच."

"आणि मधे?"

"मधे कोण बदलणार? मी इथं असते ना."

नवीने कप विसळून पालथा घातला. आजींची चादर सारखी केली. मग एप्रन काढला आणि घडी घालून खुर्चीवर ठेवला.

"अगं, काय झालं?"

"माझी पण आई आहे, मावशी. आज हिंडती-फिरती आहे म्हणून..."

"पंधराच दिवस थांब. मग जा हवं तर. हात जोडते तुला."

"पंधरा दिवसांनी तुम्ही परत इथं याल. मग त्यांना कोण बघणार?"

घड्याळबाई कप ठेवून उठेपर्यंत पोर जिना उतरलीसुद्धा.

"धड मिळालेली मुलगी घालवलीत," सून म्हणाली. सगळं ऐकून मॅडम फोनवर आणखी करवादल्या. "तुम्ही जुनीजाणती माणसं असं रडगाणं गाता, मग नव्या मुली टिकतील कशा? उद्या आठला हजर राहा."

चार वाजता तिने आजींना वळवलं. सहालाही वळवलं आणि खूण केली.

सात वाजता तिने घराचं कुलूप काढलं. वास दारापर्यंत आला होता. आई सकाळी ठेवली त्याच डाव्या कुशीवर होती, भिंतीकडे तोंड करून.

"मिळाली का गं कोणी?" आईने तसंच विचारलं.

"मिळाली."

"टिकेल?"

"टिकेल. हात चांगला आहे तिचा."

म्हातारी हसली. पाठमोरी असली तरी खांद्यावरून कळलं.

घड्याळबाईने पिशवी ठेवली, हात धुतले. एक हात तिच्या खांद्याला लावला, दुसरा कमरेला.

"आज राहू दे गं," आई म्हणाली. "दमली असशील. उद्यापासून आहेसच की घरी."