पंपाचा प्लग

म्हापशाच्या शोरूममधल्या मुलीने गाडीचं दार उघडून धरलं आणि म्हटलं, "बसून बघा, काका."

कृष्णनाथ बसला नाही. त्याने वाकून आत डोकं घातलं आणि हुंगायला लागला. पुढची सीट हुंगली, मागची हुंगली, पायाखालचं पायपुसणंही उचलून हुंगलं.

"बाबा, लोक बघताहेत," सगुण हळूच म्हणाला.

"बघू देत." कृष्णनाथने डोकं बाहेर काढलं. "नव्या प्लास्टिकचा वास येतोय. तो जातो ना?"

"जातो, काका. थोडे दिवस काचा उघड्या ठेवायच्या."

"आणि पेट्रोलचा?"

मुलीला हसू आवरेना. "ह्यात पेट्रोलच नाही."

"कधीच येणार नाही?"

"कधीच नाही."

"मग आता बॅटरी दाखव," कृष्णनाथ म्हणाला आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

सगुणला बापाचं हे हुंगणं कळत होतं. त्याची आई कमलाक्षी शिरगावची. तिच्या माहेरच्या बायकांना पेट्रोलचा वास सोसत नसे. कमलाक्षी गाडीत बसायची ती लिंबाचं पान नाकाशी धरून आणि डोकं खिडकीबाहेर काढून. तिची आई चंद्रावती तर तिच्याहून पुढची. शिरगावची वेस ओलांडायच्या आत ती ओकायला लागायची. त्यामुळे लेक चोपड्याला नांदत असूनही ती लेकीकडे आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा. शेवटची आली ती कमलाक्षी गेली तेव्हा, मुलाच्या, बाबाजीच्या गाडीतून. रस्ताभर ओकत आली. लेकीचं तोंड बघायला दारात उतरली तेव्हा तिच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. दोघांनी धरून आत नेलं. परत जाताना तिने सांगून टाकलं, "ह्याच्यापुढे मी गाडीत बसूची नाय."

गेल्या वर्षी दुखवटा होता. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधली नाही. ह्या वर्षी बांधायला हवी. चौकट माळ्यावर होती, नारळ परसात होते, पण नारळ कुठे, सुपारीचा घड कुठे, रानातली फळं कुठल्या बाजूला, हे सगळं कमलाक्षीच्या हाताला ठाऊक होतं. तिच्या हाताला ते शिकवलं चंद्रावतीने. कृष्णनाथच्या मनाने घेतलं होतं की ह्या चवथीला सासूला चोपड्याला आणायचं आणि माटोळी तिच्या हातून बांधून घ्यायची. लेक गेली म्हणून दोन घरांमधलं येणं-जाणं आटत चाललं होतं. तेही त्याला सलत होतं.

शोरूममधल्या मुलीने सगळं समजावून सांगितलं. गाडी एकच, बॅटऱ्या दोन. लहान बॅटरीत चोपड्याहून शिरगावला जाऊन परत यायचं आणि वर पुन्हा एकदा जाऊन परत यायचं, एवढं होईल. मोठीत त्याच्या दुपटीच्या जवळपास. घरी साधा पंधरा अँपिअरचा प्लग चालेल, अर्थिंग मात्र नीट हवं. पण त्यावर भरायला रात्र जाते. भिंतीवर बसवायची पेटी घेतली तर काम बरंच लवकर होतं, मात्र वीजखात्याकडून घराचा लोड वाढवून घ्यावा लागतो. महामार्गावर फास्ट चार्जर आहेतच, फक्त रोज उठून त्यांच्यावर भरू नये.

"मोठी घेऊ," सगुण म्हणाला. "आणि भिंतीवरची पेटी. उद्या कोल्हापूरला जायचं झालं तर?"

"कोल्हापूरला आपलं कोण आहे?"

"कोणी नाही. पण जायचं झालं तर?"

कृष्णनाथचं मनही मोठीकडेच झुकत होतं. शिरगावच्या खाणीवर त्याने मातीचे ट्रक चालवले होते. खाणी बंद झाल्यावर शाळेची बस चालवली. टाकी अर्ध्यावर आली की त्याचा जीव खालीवर व्हायचा. पण दुसरं मन म्हणायचं, दोन माणसांच्या घराला एवढी मोठी टाकी कशाला? आठवडाभर बापलेक जेवताना ह्याच्यावरच भांडले. सगुण फोनवरचे व्हिडिओ दाखवायचा, कृष्णनाथ म्हणायचा, हा माणूस पेडण्याच्या चढावर कुठे आलाय? शोरूममधून फोन आला की आता बुकिंग केलं नाही तर गाडी चवथीपूर्वी मिळायची नाही.

"ठीक आहे," कृष्णनाथ म्हणाला. "देवीला विचारू."

"बाबा, देवीला बॅटरीतलं काय कळतं?"

"विहीर खणताना विचारलं, पंप घेताना विचारलं. ही तर आख्खी गाडी आहे."

सोमवारी सकाळी सातेरीच्या देवळात कौल लावायला गुरवाने मूर्तीच्या दोन खांद्यांना पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या चिकटवल्या. गावातले चार जण गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणायला उभे राहिले. गुरवाने विचारलं, "काय घालू गाऱ्हाण्यात?" सगुणने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. गुरवाने मान हलवली, घसा खाकरला आणि सुरू केलं.

"गे आई सातेरी, आज ह्यो तुझो लेकरू कृष्णनाथ नारळ घेवन तुझ्या पायाकडे उभो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तो एक इजेवर चलणारी गाडी घेता. तिका पेट्रोल नाय, डिझेल नाय, धूर नाय, आवाज नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"मगे ती चलता कशी?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"गप रे! तिची एक बॅटरी आसा ल्हान, एक आसा मोठी. मोठी घेवची आसली तर उजवी पाकळी दी, ल्हान घेवची आसली तर डावी दी. आणि भिंतीवरच्या पेटयेचा काय ता मागसून विचारतंव!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. उजवी हलली नाही. डावीही हलली नाही. गुरवाने थोडं पाणी शिंपडलं. एक मुंगी उजव्या पाकळीवर चढली, सगुणने श्वास रोखला, मुंगी उतरून निघून गेली. बऱ्याच वेळाने म्हातारा म्हणाला, "देवीक कळला नसतला. फास्ट चार्जराचा सांगूक नाय तुमी."

कोणी हसलं, पण गुरव हसला नाही. तो कृष्णनाथजवळ आला. "कृष्णनाथा, गाऱ्हाण्यात उणा रवला. तुझी बायल येयची तेव्हा काय सांगायची, आठवता?"

कृष्णनाथला आठवलं. पाकळी घ्यायला नेहमी कमलाक्षीच यायची आणि गाऱ्हाणं सुरू व्हायच्या आधी गुरवाला सांगायची, 'शिरगावाक आवशीक विचारलंय, ता पयला घाल.' विहिरीच्या वेळी विचारलं होतं आणि पंपाच्या वेळीही. माहेरी विचारल्याशिवाय तिने कधी काही मोठं घरात आणलं नव्हतं. ज्या सासूसाठी गाडी घ्यायची, तिलाच विचारायचं राहून गेलं होतं.

तो देवळातून तसाच मोटारसायकलवर बसला.

शिरगावच्या घराला पुढे पडवी आणि मागे कुळागर, म्हणजे सुपारीच्या माडींची बाग. चंद्रावती पडवीत बसून चवथीच्या दोऱ्या वळत होती. जावई अवेळी आलेला बघून ती उठायला लागली.

"बसा, बसा, आई. विचारूक इलंय."

"हेल्मेट तरी ठेवा खाली," ती म्हणाली.

कृष्णनाथने हाताकडे पाहिलं. हेल्मेट हातातच होतं. भिंतीवर कमलाक्षीचा लग्नाआधीचा फोटो होता. ह्या घरात आलं की त्याची नजर तिकडे जायची आणि मग त्याला बसवत नसे. चहा उभ्याने प्यायचा, हेल्मेट हातात, की निघाला.

त्याने सगळं सांगितलं. गाडीला वास नाही, धूर नाही. तिला चवथीला न्यायचं आहे. माटोळी तिने बांधायची आहे. चंद्रावती दोरी वळायची थांबली.

"वास अजिबात नाय?"

"हुंगान बघलंय."

"सगळी?"

"पायपुसण्यासकट."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. तेवढ्यात बाबाजी कुळागरातून हात पुसत आला. "काय झाला गे?"

"जावयबापूंनी गाडी हुंगली."

बाबाजीला सगळं पुन्हा सांगावं लागलं. "मोठी घेवा, भावोजी," तो लगेच म्हणाला. "रस्त्यात बंद पडली तर ढकलतलो कोण?"

चंद्रावतीने त्याला हाताने गप्प केलं. "माका सांगा, मोठी बॅटरी घेतली तर हय येवन भरूची लागतली?"

"नाय, आई. आठवडाभर बघूक नको."

"आणि ल्हान?"

कृष्णनाथ खरं सांगणार होता की लहानीलाही लागणार नाही. पण म्हातारी ज्या तऱ्हेने त्याच्याकडे बघत होती, ते बघून त्याने उत्तर जरा लांबवलं. "ल्हान म्हणजे... जरा लवकर उणी जाता."

"मगे ती हय भरूची लागतली. कितको वेळ लागता?"

"ह्या साध्या प्लगावर? सकाळी लायली तर सांज होता."

"मगे ल्हानच घेवा," चंद्रावती म्हणाली आणि पुन्हा दोरी वळायला लागली. "ती भरीपर्यंत तुमी बसतलात. जेवतलात. दुपारी आडवे पडतलात. कमळाक्षी गेल्यापासून तुमी ह्या घरात पाठ टेकूक नाय. तुमची ती पेटी-बिटी नको हय. लवकर भरता ती."

मग बाबाजीने डोकं खाजवलं. "पण आये, पंधरा अँपिअराचो प्लग आपणाकडे एकच. पंपाचो."

"मगे?"

"गाडी लायली तर पंप बंद. माडींक पाणी?"

"माडी एक दीस तानेल्यो रवल्यो तर मरूच्यो नाय," म्हातारी म्हणाली. विषय संपला.

कृष्णनाथने हेल्मेट खाली ठेवलं. त्या दिवशी तो जेवून निघाला.

दुसऱ्या सोमवारी गाऱ्हाण्यात शिरगावचं पहिलं आलं. "शिरगावच्या म्हातारेक विचारला आसा, तिणा हुकूम दिलो आसा..." एवढं गुरव म्हणतो आहे तोवर डावी पाकळी पडली. गुरवाचं अर्धं गाऱ्हाणं तोंडातच राहिलं. तो जरा रागावला, पण नारळ त्याने फोडला. सगुणने कपाळाला हात लावला आणि शोरूमला फोन केला. लहान बॅटरी, साधा प्लग.

चवथीच्या आदल्या दिवशी कृष्णनाथ गाडी घेऊन शिरगावला गेला. काचा आठवडाभर उघड्या ठेवल्या होत्या. बाबाजीने कुळागरातली वायर बघून अर्थिंग नवं करून घेतलं होतं. पंप बंद झाला, गाडी लागली. गाडीच्या प्लगजवळचा छोटा दिवा हिरवा झाला तेव्हा शेजारच्या दोन बायका बघायला आल्या आणि पान्हावलेल्या गायींसारख्या तिथेच उभ्या राहिल्या.

चार घास खाऊन, सामान घेऊन दुपार कलता चंद्रावती गाडीत बसली. मांडीवर दोऱ्यांचं बोचकं आणि नाकाशी लिंबाचं पान. कृष्णनाथ डोक्यावर कळशी घेऊन चालल्यासारखी गाडी चालवत होता. शिरगावची वेस गेली. म्हातारी डोळे मिटून बसली होती. अस्नोडा गेलं. तिने एक डोळा उघडला. मग पान नाकावरून खाली आणलं.

"थांबवा!" ती एकदम ओरडली.

कृष्णनाथने गाडी बाजूला घेतली, पटकन उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं. म्हातारी उतरली, ताठ चालत कुंपणाकडे गेली आणि वेलीला लोंबणारं लालभडक कवंडळ तिने माटोळीसाठी देठासकट तोडलं.

"बघत काय रवल्यात? तो वरचो तुमी काढा. माझो हात पावना नाय."

त्यानंतर चोपडं येईपर्यंत ती कितीदा 'थांबवा' म्हणाली त्याचा पत्ता नाही. पूर्वी ज्या वळणांवर ओकायला थांबायचं त्याच वळणांवर आता कुंपणातली फळं काढायला थांबणं झालं. शापोऱ्याचा पूल ओलांडला तेव्हा मागच्या सीटवर पाला, वेली, फळं आणि दोन चुकून आलेले हिरवे किडे होते. कृष्णनाथ इतका हसला होता की त्याचं पोट दुखत होतं. शेजारच्या सीटकडे बघून, म्हातारीचं ते बाहेर काढलेलं डोकं बघून, त्याला कमलाक्षी आठवली. मग म्हातारी पुन्हा ओरडली, "थांबवा!" आणि त्याने ब्रेक दाबला.

त्या रात्री सगुण शिडीवर उभा होता आणि आजी खालून सांगत होती. "थंय नको. तो नारळ कमळाक्षी मदीं बांधायची. हां, तसो. आता बघ." माटोळी भरली. सगुणने ह्या वेळी फोन काढला तो आजीने कुठे काय सांगितलं ते टिपून ठेवायला.

दीड दिवसाचा गणपती पोचवून कृष्णनाथ सासूला परत सोडायला शिरगावला गेला. अंगणात गाडी थांबवली, उतरला आणि डिकीतून वायर काढली.

चंद्रावती अजून आत बसली होती. तिने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. वाचता येत नसलं तरी दूधवाल्याच्या आणि बाजाराच्या हिशेबाने तिला आकडे चांगले कळत. पडद्यावर बॅटरी अर्ध्याच्या बरीच वर होती.

"संपत इली, आई," कृष्णनाथ बाहेरून म्हणाला. "भरूची लागतली."

चंद्रावतीने एकदा आकड्याकडे बघितलं, एकदा जावयाकडे.

"व्हय तर," ती म्हणाली. "खूपच रिकामी आसा." आणि उतरता उतरता तिने हाक मारली, "बाबाजी, पंप बंद कर रे! आणि आत सांग, भात जास्त टाका."

कृष्णनाथने प्लग लावला. मग पडवीत येऊन, कमलाक्षीच्या फोटोखालच्या खिळ्याला त्याने गाडीची किल्ली अडकवली आणि चटईवर पाय पसरून बसला.