पटक्याखालचं डोकं

भिमा लवटेला बोलावणी यायची ती दोनच ठिकाणची, एक लग्नाच्या पंगतीचं आणि दुसरं मेंढ्यांच्या बाजाराचं. शाळेचं बोलावणं येण्याची ही पहिलीच वेळ. सांगोल्याच्या माळावर कळप चारत असताना सोलापुरातून बहिणीचा, मायाक्काचा, फोन आला. भिमाने घाबरून आधी मेंढ्याच मोजल्या. काही बिघडलं असेल तर ते तिकडेच, अशी त्याची समजूत.

“दादा, शनिवारी अकराला पालक सभा हाय. तुलाच यायला पायजे,” मायाक्का म्हणाली. “पूनमच्या डायरीत बाईंनी लाल शाईनं लिवलंय.”

“काय केलं पोरीनं?”

“केसांचं हाय म्हणं. दोन वेण्या घालून येत न्हाय. अकरा खेपा सांगितलं, पर ऐकंल तर ना.”

भिमाचा जीव भांड्यात पडला. पूनम त्याची एकुलती एक लेक. लवट्यांच्या घरात सातवीच्या पुढे कुठलीच पोर गेली नव्हती. पूनम गेली. आठवीला आत्याकडे सोलापूरला राहिली आणि आता नववीत होती. दहावीचा कागद घेऊन ती घरी येईल त्या दिवशी अख्ख्या वाडीला जेवण घालायचं, असं भिमाने मनाशी ठरवून टाकलं होतं. कुठला मेंढा कापायचा तेसुद्धा ठरलेलं होतं, फक्त मेंढ्याला सांगितलं नव्हतं. त्यामुळे शाळा म्हटलं की तो धास्तावायचा. पण केस? केस म्हणजे तर त्याच्या हातचा मळ! तीस वर्षं तो मेंढ्या कातरत होता. लाथा झाडणारा मेंढा गुडघ्याखाली धरून चामडीला ओरखडा न उठवता त्याची लोकर उतरवायचा. पंधरा वर्षांच्या पोरीच्या केसांना असा कितीसा वेळ लागणार?

शहाण्या माणसाने शाळेत जाताना पिशवीत मेंढ्यांची कातर घेतली नसती. पण भिमाचं शहाणपण मेंढ्यांपुरतंच पक्कं होतं. त्याने कातरीला धार लावली, ती गोणपाटात गुंडाळली, बायकोला कळपाजवळ ठेवलं आणि शनिवारी पहिल्या एसटीने सोलापूर गाठलं.

मायाक्का कडक भाकऱ्या करून दुकानांना घालायची. अंगणात चुलीभोवती भाकऱ्यांच्या चवडी लागल्या होत्या आणि पूनम त्या कागदात बांधत होती. बापाला पाहून ती हसली. सात महिन्यांनी भेटत होती. डाव्या बाजूचे केस तिने कानावरून गालापर्यंत सोडले होते आणि मागे मानेवर एकच सैल वेणी घातली होती. सिनेमातल्या बाया घालतात तशी, असं भिमाला वाटलं आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

“चा नंतर,” तो म्हणाला. त्याने अंगणात पोतं अंथरलं आणि गोणपाट सोडलं. “बस हितं. आदी धुवायचं, मग वाळवायचं, मग कातरायचं. अकराच्या आत नियमात बसवतो तुला.”

मायाक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली. “दादा, आरं ती पोर हाय का मेंढी?”

पूनम मात्र हसली नाही. कातर बघून ती भिंतीला टेकली आणि दोन्ही हात तिने डोक्यावर घट्ट धरले. “आबा, केसास्नी हात लावू नका.”

“का गं? सोलापूरचं पाणी लागलं व्हय तुला? आमी तिकडं उन्हातान्हात मरायचं, आन् तू हितं फॅशन करायची!”

भिमा तोंडाचा फटकळ. बोलून झाल्यावर पस्तावायचं, ही त्याची जुनी सवय. या खेपेला तेवढाही वेळ मिळाला नाही. पूनम पुढे आली, पोत्यावर बसली, बापाचा हात धरला आणि तो केसांखाली नेऊन कानाच्या वर ठेवला.

जिथे केस असायला हवे होते तिथे गुळगुळीत कातडी होती, लिंबाच्या चकतीएवढी. तिच्या वर आणखी एक. तिसरी अगदी भांगाच्या रेषेत.

“चाई,” भिमा पुटपुटला. त्याचा दुसरा हात आपसूक स्वतःच्या पटक्याकडे गेला आणि तसाच खाली आला.

“दिवाळीपासनं हाय,” पूनम म्हणाली. “मधनं भांग पाडून दोन वेण्या घातल्या की सगळं दिसतंय. म्हणून असं सोडते. बाईंच्या तक्त्यावर लाल खूण पडते, पडू दे की. पर वर्गात दिसलं तर पोरी हसतील. मग मी न्हाय जाणार शाळेत. खरंच सांगते आबा, मी कळपामागं येते तुमच्या.”

मायाक्काच्या हातातली भाकरी हातातच राहिली. एका घरात राहून तिला हे ठाऊक नव्हतं. पोर रोज दार लावून केस विंचरायची, आणि वयात आलेली पोर लाजते, एवढाच तिने अर्थ लावला होता.

भिमाने कातर गोणपाटात परत गुंडाळली. तीस वर्षं जनावराच्या अंगावर बोटं फिरवून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस तो, आणि स्वतःची लेक दिवाळीपासून झडत होती ते त्याला कळलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“मेंढीची लोकर गळाया लागली, तर आपून मेंढीला शिव्या देत न्हाय,” शेवटी तो म्हणाला. “तिनं काय खाल्लं आन् ती कशाला भ्याली, ते बघतो. तू काय खातीस गं? कशाला भितीस?”

तेव्हा पूनम बोलली. सहामाहीला गणितात चाळीसपैकी नऊ पडले होते. गावच्या शाळेत तिचा पहिला नंबर असायचा. इथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, फळ्यावरचं निम्मं समजत नाही, आणि विचारायला उभं राहिलं की तिच्या ‘न्हाय’ आणि ‘व्हय’ला मुली हसतात. म्हणून विचारायचंच बंद केलं. डबा उघडला की पोटात कालवतं, म्हणून तो वाटेतल्या गाईला घालते. सांगताना ती जमिनीकडे बघत होती. “आबा, कुणाला सांगू नका. बाईंना तर मुळीच न्हाय. आण घ्या.”

“बिरोबाची आण,” भिमा म्हणाला. आण घेताना तो फार पुढचा विचार करत नसे.

भिमा पूनमला घेऊन शाळेत पोचला तेव्हा सभेला चाळीसेक पालक जमले होते. पोरांच्या बाकांवर दाटीवाटीने बसताना मोठ्या माणसांचे गुडघे वर येत होते. वर्गशिक्षिका भुवनेश्वरी बाई दारात उभ्या राहून एकेकाला आत घेत होत्या. दुधनीहून आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला कानडीत “बर्री, कूड्री” म्हणाल्या, भिमाला “या मामा, बसा” म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पोरांच्या वह्या घरी नेऊन तपासणाऱ्या, पावसात अडकलेल्या पोरींना घरी सोडणाऱ्या बाई त्या. फक्त नीटनेटकेपणा म्हणजे अर्धं शिक्षण, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ठाम मताची माणसं चालताना बाजूला बघत नाहीत.

भिंतीवर त्यांचा तक्ता होता. नखं, बूट, गणवेश, केस. ‘पूनम लवटे’ या नावापुढे केसांच्या रकान्यात अकरा लाल खुणा. भिमाला अक्षरं जेमतेम यायची, पण लाल रंग वाचायला शाळा लागत नाही.

गुणांचं बोलून झालं, सहलीचं झालं, आणि मग बाई तक्त्याकडे वळल्या. “पूनम, पुढे ये. मामा, तुमच्यासमोरच सांगते. मुलगी गुणी आहे, पण ऐकत नाही. तोंडावर केस, एक वेणी. एकीला सूट दिली तर उद्या सगळ्या मागतील.” त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि फणी व पांढऱ्या रिबिनी काढल्या. खणात त्या कायम असायच्या. कितीतरी पोरींच्या वेण्या बाईंनी स्वतःच्या हाताने घातल्या होत्या, आणि त्यात मायाही होती. “रागवत नाही मी. ये, मीच घालून देते. दोन मिनिटांचं काम.”

पूनम पुढे गेली. तिचे हात डोक्याकडे जाऊ पाहत होते आणि ती ते मुठी वळून खाली धरत होती. मागच्या दारातून तिच्या वर्गातल्या पोरी डोकावत होत्या. बाईंची फणी भांगाच्या जागी टेकणार, तोच भिमा बाकातून उठला. उठताना पिशवी कलंडली आणि गोणपाटातून कातर खणखणत फरशीवर पडली. शेजारच्या गृहस्थांनी पाय वर घेतले.

“मामा, हे काय?” बाई थबकल्या.

“कातर हाय बाई, मेंढ्यांची. घाबरू नका.” भिमा दोघींच्या मधे येऊन उभा राहिला. आण घेतली होती, पोरीबद्दल एक अक्षर बोलायचं नव्हतं. आणि फणी तर हातभर अंतरावर होती. मग त्याने दोन्ही हातांनी डोक्यावरचा लाल पटका उचलला आणि टेबलावर ठेवला.

भिमाच्या वाडीत भरल्या बैठकीत पटका उतरवतात तो घरातलं कुणी गेलं तरच. बायकोशिवाय त्याचं उघडं डोकं कुणी पाहिलं नव्हतं, मायाक्कानेही नाही, पूनमनेही नाही. डोक्यावर जागोजागी केस नव्हते. मधेच पांढरे झुपके, मधेच गुळगुळीत चकत्या. मागे कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

“मी सोळा वर्साचा असताना माझा बा गेला,” भिमा म्हणाला. “शंभर मेंढरं माज्या एकट्याच्या गळ्यात. लई भ्यालो व्हतो. त्या साली डोक्याला चाई पडली. कुणी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. पर मला पटका व्हता, बाई. तीस वर्सं त्याच्याखाली झाकून हिंडलो, म्हणून मान वर करून जगलो. ज्याला पटका न्हाय त्यानं काय करायचं, तेवढं सांगा.”

वर्गात कुणाला फारसं काही कळलं नाही. धनगराचं डोकं फिरलं, असं वाटून एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. पण बाई पोरीसमोर उभ्या होत्या. त्यांनी बापाच्या डोक्याकडे पाहिलं, मग पोरीच्या वळलेल्या मुठींकडे, मग गालावर ओढून घेतलेल्या केसांकडे. फणी ठेवून त्यांनी खण लावला.

“सभा संपली,” त्या म्हणाल्या. “पूनम आणि मामा तेवढे थांबा.”

वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी दार लोटलं. भिमा आण पाळून गप्प बसला होता, पटका मांडीवर घेऊन. बोलली ती पूनमच. नऊ गुणांचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, आणि शेवटी स्वतःच केस बाजूला केले. बापाने भरल्या सभेत पटका उतरवल्यावर तिला एवढं तर करायलाच हवं होतं.

बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. “अकरा वेळा मी पेन उघडलं,” त्या म्हणाल्या. “एकदासुद्धा ‘का गं?’ असं विचारलं नाही. चुकलं माझं, पूनम.” त्या उठल्या, भिंतीवरचा तक्ता काढला आणि गुंडाळून कपाटात टाकला. सोमवारी मायाक्काला घेऊन सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं, बाई सोबत येणार होत्या. तोवर पूनमने केस हवे तसे बांधावेत. गणितासाठी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास, आणि मधल्या सुट्टीत डबा बाईंच्या समोर.

“आन् त्या गाईचं काय?” भिमाने विचारलं. पूनम त्या दिवशी दुसऱ्यांदा हसली.

तीन महिन्यांनी भिमा पुन्हा शाळेच्या फाटकात उभा होता. या वेळी कुणी बोलावलं नव्हतं. सभासुद्धा नव्हती. पाण्याच्या शोधात कळप मंगळवेढ्यापर्यंत आला होता आणि एसटी समोरून जात होती, एवढंच कारण. मधली सुट्टी झाली. पूनम हातात डबा घेऊन आणखी दोघींसोबत बाहेर आली आणि बापाला पाहून पळत सुटली.

“आबा, कातर आणलीया का?” तिने पिशवीत डोकावून पाहिलं.

“न्हाय गं बाय.”

“मग बघा.” तिने मान वळवली आणि कानावरचे केस उचलले. पोरी शेजारीच उभ्या होत्या, तरी उचलले. भिमाने बोट फिरवलं. चकतीवर बारीक, मऊ, पांढरट लव आली होती, आठ दिवसांच्या कोकराच्या अंगावर असते तशी. भांगातली चकती तर जवळजवळ बुजली होती.

“डॉक्टर म्हणाले, हळूहळू काळे येतील,” पूनम म्हणाली. मग तिने त्याच्या पटक्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. “तुमचे न्हाय आले, आबा. माझे येतील का हो खरंच?”

“येतील की,” भिमा म्हणाला. “मला कुणी इचारलंच न्हवतं.” आणि डबा अजून भरलेला आहे हे पाहून त्याने तिला तिथेच पायरीवर बसवलं, समोर स्वतः बसला, आणि शेवटचा घास संपेपर्यंत उठला नाही.