खेदसाहेबांचा आवाज

आमच्या धंद्यात एक नियम आहे. काचेच्या खोलीत शिरलं की स्वतःचं 'मी' बाहेर खुंटीला टांगायचं. खाली सभागृहात वक्ता 'मी' म्हणाला की आपणही आपल्या भाषेत, त्याच क्षणी, 'मी'च म्हणायचं. 'ते असं म्हणताहेत' हे दुभाष्याला चालत नाही. त्यामुळे मी कितीदा तरी पंतप्रधान झाले, एकदा राजा झाले, आणि एकदा मासेमारी खात्याचा मंत्री होऊन अख्ख्या समुद्रावर हक्क सांगितला. घरी नवरा मात्र गॅस बंद केलास का, एवढंच विचारतो.

खोलीत आम्ही दोघं, मी आणि अण्णा. अण्णा माझे जोडीदार, वयाने मोठे, आवाज लोण्यासारखा. अर्धा तास त्यांनी बोलायचं, अर्धा तास मी. जो गप्प असेल त्याने दुसऱ्याला पाणी द्यायचं आणि तो अडला तर शब्द लिहून दाखवायचा.

खालचं सभागृह म्हणजे जुन्या महायुद्धानंतर जिंकलेल्यांनी मांडलेला संसार. पुन्हा युद्ध नको म्हणून त्यांनी नियम केले. नियम चांगलेच आहेत, मी रोज उच्चारते ना! फक्त जाता जाता त्यांनी स्वतःपुरती एक सोय करून ठेवली. पाच बड्यांपैकी एकानेही 'नाही' म्हटलं की बाकी सगळ्या जगाचं 'हो' पाण्यात. हे फोनवर समजावलं तेव्हा मावशी म्हणाली, "म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी. मग त्यासाठी एवढी मोठी इमारत कशाला बांधली गं?"

ही मावशी म्हणजे आईमागे मला वाढवणारी. ती राहते त्या शहरावर महिनाभर विमानं येत होती. तिच्या सुनेला नववा महिना लागलेला, अवघडलेली, बाळ आडवं. दवाखाना नदीपलीकडे आणि पुलावर रोज बॉम्ब. सभागृहापुढचा ठराव अगदी साधा होता: मारा थांबवा, पूल उघडा. मंजूर झाला तर सून दवाखान्यात पोहोचणार होती.

सगळं अडलं होतं पश्चिमेकडच्या बड्या देशाच्या प्रतिनिधीपाशी. त्यांना आम्ही खेदसाहेब म्हणतो, कारण ते बोलायला उभे राहिले की आधी खेद व्यक्त करतात. माणूस गोड. लिफ्टमध्ये दार धरून ठेवतात. मागे त्यांच्या वैऱ्याने कुठला तरी पूल उडवला तेव्हा साहेबांनी टेबलावर मूठ आपटून 'रानटीपणा' म्हटलं होतं, नियमांची कलमं तोंडपाठ म्हणून दाखवली होती. मीही वर जीव तोडून ओरडले होते. या वेळी विमानं मित्राची, बॉम्ब साहेबांच्याच देशातले. तेव्हा रानटीपणाची झाली 'चिंता'. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

आठवडाभर मसुद्याची घासाघीस चालली. साहेब म्हणाले, 'निषेध' काढा, काढला. 'ताबडतोब' टोचतंय, 'लवकरात लवकर' करा, केलं. विमानं कोणाची ते लिहू नका, नाही लिहिलं. शेवटी ठराव इतका मवाळ झाला की विमानं आपोआप उडतात असं वाटावं. पण पूल उघडणार होता. मागितलं ते सगळं मिळाल्यावर माणूस नाही कशाला म्हणेल? मला हे अगदी सरळ वाटलं.

म्हणून मतदानाच्या दिवशी मीच अण्णांच्या मागे लागले. "आज साहेबांचं भाषण मला द्या."

"माझी पाळी आहे. आणि त्यांची वाक्यं म्हणजे मारुतीचं शेपूट. तुला कशाला हवंय?"

"आपलं बोलणं तिकडच्या रेडिओवर थेट जातं. मावशी ऐकत बसणार आहे. होकार तिला माझ्या आवाजात ऐकू दे ना, अण्णा."

"होकार आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

"नसायला काय झालं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची सरकवून दिली.

साहेब उभे राहिले. त्यांचा सूर ऊबदार होता, म्हणून माझाही. सूर पोचवायचा, नुसते शब्द नाही, हे मी नव्या मुलींना शिकवते. "त्या शहरातल्या आयांचं दुःख मी जाणतो," मी म्हणाले. "त्यांची लेकरं ती माझी लेकरं. पूल उघडलाच पाहिजे." माझा आवाज भरून आला. साहेबांचाही आला होता. "हा ठराव लिहिणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो."

एकेका देशाचं नाव घेत हे आभार दहा मिनिटं चालले. मग साहेब पाणी प्यायले. "परंतु," ते म्हणाले, "योग्य वेळ अजून आलेली नाही."

माइक स्वतःकडे घ्यायला अण्णांचा हात बटणाकडे गेला. मी मानेनेच नको म्हटलं. अर्ध्या वाक्यात आवाज बदलला तर तिकडे ऐकणाऱ्यांना काही कळणार नाही, एवढंच डोक्यात होतं. "अतिशय खेदाने," मी म्हणाले, तितक्याच मायेने, "मला या ठरावाच्या विरोधात मत द्यावं लागत आहे."

खाली बाकी सगळ्यांनी हो म्हटलं होतं. ठराव पडला.

मला इतका राग आला होता की हेडफोन काढताना केस उपटले गेले. जिन्यात साहेब भेटले. "आज तुम्ही फार सुंदर बोललात," ते म्हणाले. "तुमची भाषा कळणाऱ्या माझ्या लोकांनी ऐकलं, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं." आणि त्यांनी माझ्यासाठी दार धरलं.

मावशीचा फोन बाहेरच्या फुटपाथवर आला.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं की. अख्ख्या इमारतीने ऐकलं. काय गोड बोललीस गं!"

"मावशी, ते मी नव्हते बोलत. ते साहेब..."

"कळतं मला, बाई. मी काय आज ओळखते तुला? पण इथल्या लोकांना तुझाच आवाज ओळखीचा. तू 'पूल उघडलाच पाहिजे' म्हणालीस, तेवढ्यात मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढचं ऐकायला थांबतंय कोण! सुनेला खुर्चीत बसवून चार जणांनी चौथ्या मजल्यावरून खाली उतरवली. शेजाऱ्याने गाडी चालू केली."

"मग? कुठे आहे ती?"

"गाडी वळणावर गेली तेव्हा तू 'परंतु' म्हणालीस," मावशी म्हणाली. "मी 'थांबा' ओरडत मागे धावले गं. पण पुलाकडे उतार आहे."