जमीन मऊ होईपर्यंत

एकतीस वर्षं नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहून निवृत्त झालेल्या शोभाताईंना कॅनडातल्या मार्कहॅममध्ये पुन्हा मेलेल्यांचंच रजिस्टर मिळालं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना फार आनंद झाला. जुलैत आल्या तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. लेक देवेशचं नवं घर, नात ऊर्मी दीड वर्षाची, सून सीमा नुकतीच कामावर रुजू झालेली. म्हणजे आजीला बोलावलं होतं ते नायगारा दाखवायला नव्हे, हे शोभाताईंना विमानात बसतानाच ठाऊक होतं. नायगारा दाखवला, तेही एका रविवारी, धावतपळत.

नोव्हेंबरात बर्फ सुरू झाला आणि घराचं दार नावापुरतं उरलं. गाडी चालवता येत नाही, बसथांबा वीस मिनिटांवर, पायवाटेवर काचेसारखा बर्फ. सकाळी सातला लेक-सून निघून जात, संध्याकाळी सहाला परतत, तोवर त्या, ऊर्मी आणि बेसमेंटमध्ये घर तापवत घरघरणारी फर्नेस. त्यात संगमनेरहून फोन आला की उमाताई अंथरुणाला खिळली. उमाताई ही शोभाताईंची थोरली बहीण, आई गेल्यावर जिनं त्यांना न्हाऊमाखू घातलं ती. परतीचं तिकीट वीस जानेवारीचं होतं. शोभाताई कॅलेंडरवर दिवस खोडत होत्या आणि रोज सकाळी एकच गोष्ट मागत होत्या, की मी पोचेपर्यंत तिला ठेव.

सतरा जानेवारीला देवेश ऑफिसातून लवकर आला. जेवला नाही.

"आई, तुझं तिकीट पुढे ढकललंय. डेकेअरला पहिल्या मेपासून जागा मिळतेय. तोवर तू गेलीस तर आमची वाट लागेल गं. व्हिसाचं एक्स्टेन्शन अप्लाय केलंय."

"मला न विचारता?"

"हा हिवाळा संपू दे. मग मी स्वतः सोडायला येतो."

"आणि उमाताई?"

"मावशीच्या नंदनशी बोललो मी. स्टेबल आहे म्हणाला. घशात नळी घातलीये, बोलता येत नाही एवढंच."

शोभाताई चिडल्या, दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी ऊर्मीला ताप आला तेव्हा अबोला आपोआप सुटला. दोन वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन माणूस किती चिडणार? दर रविवारी मात्र त्या संगमनेरला फोन लावत. उमाताईचा मुलगा नंदन उचली. "तिच्या कानाला लाव," त्या म्हणत, आणि मग दहा-पंधरा मिनिटं एकट्याच बोलत राहत. ऊर्मीला दात किती आले, इथे भेंडी गोठवलेली मिळते, तू धीर धर, मी मेमध्ये येते. पलीकडून श्वासाचा आवाज येई. तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघे.

रजिस्टर आणून दिलं ते समोरच्या घरातल्या जेरोमनं. जेरोम मूळचा वसईचा, तीस वर्षांपासून इथे, आता रिटायर्ड. उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या जुन्या चर्चच्या नोंदी तो उतरवून काढत होता, पण मोतीबिंदूपुढे त्यानं हात टेकले होते.

"शोभाताय, तुमी रजिस्टरवाल्या ना? मग हे तुमीच करा. मला काय दिसत नाय."

अठराशे चाळीस ते साठ. फोटोकॉपीच्या पानांवर पाद्रीबुवांचं तिरकं, घाईचं इंग्रजी अक्षर. शोभाताईंना असल्या अक्षरांची भीती नव्हती, तलाठ्यांची अक्षरं वाचून त्यांचे केस पांढरे झाले होते. ऊर्मी दुपारी झोपली की त्या वहीत रकाने आखून लिहायला बसत. आयर्लंडहून आलेले शेतकरी, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. कुणी झाड अंगावर पडून मेलं, कुणी विहिरीत, कुणी नुसतंच तापानं. एका घरातली चार मुलं नऊ दिवसांत गेली होती. जंगल तोडून शेत करायला आलेली माणसं, मैलभर शेजार नाही, सहा महिने बर्फ. त्या बायका दिवसभर कुणाशी बोलत असतील, हे शोभाताईंना कुणी समजावून सांगायला नको होतं.

एक गोष्ट त्यांनी कौतुकानं टिपून ठेवली होती. वीस वर्षांत डिसेंबर ते मार्च जवळजवळ कुणी मेलंच नव्हतं. सगळे मरत ते एप्रिल-मेमध्ये. थंडी माणसाला मानवते म्हणायची, असं त्यांनी सीमाला चहा पिताना सांगितलंही होतं.

मग एप्रिलमध्ये टॉमस भेटला. लग्नाच्या पानावर त्याची नोंद होती, नऊ एप्रिल अठराशे त्रेपन्न, विधुर, वधू जेन. आणि दफनाच्या पानावर होतं, एकवीस एप्रिल अठराशे त्रेपन्न, हॅरिएट, टॉमसची पत्नी, वय एकतीस, सोबत तान्हं मूल. गावात टॉमस एकच. शोभाताईंनी तारखा तीनदा ताडून पाहिल्या. पहिली बायको मरायच्या बारा दिवस आधी मेल्यानं दुसरी आणली? पाद्रीच्या डोळ्यांदेखत?

जेरोमनं वही डोळ्यांशी धरली, एक-दोन पानं उलटली आणि कपाळाला हात लावला.

"शोभाताय, तुमी दफनाची डेट मरणाच्या रकान्यात घातली. सगळ्यांचीच."

"मग वेगळी कशी असेल? माणूस गेलं की त्याच दिवशी नेतात."

"आपल्याकडं. हितं जमीन फ्रीज होते. चार-चार फूट. कुदळ चालत नाय. मग सिमेट्रीच्या कडेला दगडाची खोली असायची, डेड हाउस. विंटरमध्ये गेलेले सगळे त्याच्यात ठेवायचे, जमीन मऊ होईपर्यंत. हॅरिएट गेली असंल जानेवारीत नायतर फेब्रुवारीत."

"आणि नक्की तारीख?"

"ती कुणी लिवलीच नाय. घरात पाच पोरं, त्याला बाई पायजे होती. तो कशाला थांबतो."

जेरोम गेल्यावर शोभाताईंनी वही पहिल्या पानापासून उलटून पाहिली. एकतीस वर्षांची नोकरी, आणि दोनशे बारा नोंदी चुकल्या होत्या. पण त्याहून त्यांना लागलं ते दुसरंच. घरात नवी बाई चूल पेटवतेय, आणि जुनी अजून त्या दगडाच्या खोलीत, पोराला कुशीत घेऊन, जमिनीची वाट बघतेय. त्यांना रडू आलं, आणि हॅरिएटसाठी आलं की स्वतःसाठी, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

डोळे पुसून त्यांनी नवी वही घेतली आणि दोन वेगळे रकाने आखले. मृत्यूची तारीख. दफनाची तारीख. पहिला रकाना रिकामा ठेवत त्या लिहीत होत्या, तेवढ्यात देवेश आला. ऊर्मीला सीमाकडे देऊन तो आईसमोर येऊन बसला. अंगणातला बर्फ वितळून तिथे काळा चिखल झाला होता. डेकेअरचं पत्र त्या आठवड्यातच आलं होतं.

"आई, तुझं तिकीट काढलं. तीन मेचं."

त्यांनी वहीवरून मान वर केली. पुढे काहीतरी आहे हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"उमामावशी गेली गं."

शोभाताईंनी पेन खाली ठेवलं.

"कधी?"

"काल नंदनचा फोन आला होता."

"फोन कधी आला ते नाही विचारत. गेली कधी?"

देवेशनं समोरच्या वहीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. लहानपणी पाटी फुटली की तो असाच बघायचा.

"सोळा जानेवारी."

शोभाताईंनी बोटांवर आठवडे मोजले. तेरा झाले.

"मग मी रविवारी कुणाशी बोलत होते?"

"नंदन फोन कानाला धरून बसायचा, आई. तू बोलायचं थांबेपर्यंत तो कधी ठेवायचा नाही. तुला धक्का बसेल म्हणून... आणि इथे ऊर्मीचंही..."

त्या उठल्या, वर गेल्या आणि डोक्यावरून पाणी घेतलं. केस तसेच ओले ठेवून खाली आल्या तेव्हा तो तिथेच बसला होता.

"पासपोर्ट आणून दे माझा," त्या म्हणाल्या.

"तीन मेला जायचंय ना. आता घाई कसली?"

खरंच, आता घाई कसली? शोभाताई पुन्हा वहीपाशी बसल्या. ओल्या केसांतलं पाणी पानावर ठिबकत होतं. हॅरिएटच्या ओळीखाली त्यांनी उमाताईचं पूर्ण नाव लिहिलं, आणि पहिल्या रकान्यात तारीख घातली.