कुंदाची स्वखुशी

सरकारी नोकरीच्या घरात 'ऑर्डर' हा शब्द आला की पुढचं बोलणंच खुंटतं. जबलपुरातल्या मराठी घरांत तर विचारूच नका. कुणी तोफांच्या कारखान्यात, कुणी रेल्वेत. ऑर्डर आली की बायका एवढंच विचारतात, डबा किती दिवसांचा देऊ? त्यातून साल त्रेसष्टचं. चीनच्या लढाईनंतर कारखाने दिवसरात्र चालत होते आणि रोज कुणाची ना कुणाची ऑर्डर निघत होती. त्यामुळे कारखान्याच्या इस्पितळातला सर्जन श्रीकांत दीक्षितपुऱ्यातल्या घरी येऊन म्हणाला, "कांगोची ऑर्डर आली. वर्षभर जावं लागते," तेव्हा त्याच्या बायकोनं, कुंदानं, 'तुम्हालाच काहून?' एवढंही विचारलं नाही.

तिकडच्या लढाईत जखमी झालेल्यांवर ऑपरेशनं करायला एक सेवाभावी संस्था डॉक्टरांचं पथक पाठवत होती. काम परोपकाराचंच होतं, त्यात वाद नाही. पण त्याच आठवड्यात कुंदाला गढ्याच्या शाळेतून कायम नोकरीचं पत्र आलं होतं. आठ वर्षं तिनं हंगामी बाई म्हणून काढली होती. सासूबाई, भानुमतीबाई, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या. सकाळी कुंदानं शाळेत जायचं, श्रीकांतनं दुपारची ड्यूटी घ्यायची, आणि आईंकडे आळीपाळीनं पाहायचं, असं दोघांचं ठरलेलं होतं. आता ते बारगळलं. कुंदानं शाळेला नकार कळवला, आपल्या सुवाच्य अक्षरात, आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली.

दुसऱ्या दिवशी श्रीकांतनं कागदांचा गठ्ठा पुढे केला. "ऑर्डरचे कागद आहेत. इथं सही कर. आणि इथं." तिनं केली. अशा घरांत कागद वाचत नाहीत, बोट ठेवलेल्या जागी सही करतात. क्वार्टरचा असो, फंडाचा असो, रेशनचा असो. आणि ही तर पोरांना रोज बजावणारी बाई, की प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. असो.

रविवारी इस्पितळाच्या हिरवळीवर निरोपसमारंभ झाला. झेंडूचे हार, समोसे, रांगेनं मांडलेल्या खुर्च्या. इस्पितळाचे मोठे साहेब बोलायला उभे राहिले.

"डॉक्टर साहब को किसी ने भेजा नहीं है," ते म्हणाले. "इन्होंने खुद अर्ज़ी दी. एक बार नहीं, तीन बार. पर घरवालों की रज़ामंदी के बिना कमेटी नाम नहीं लेती. इसलिए आज हम कुंदाजी के ज़्यादा शुक्रगुज़ार हैं."

आणि त्यांनी खिशातून कागद काढून वाचला. कुंदाजींनी लिहून दिलं होतं की मी स्वखुशीनं पतीला पाठवते आहे. सासूबाईंच्या सेवेसाठी मी होऊनच नोकरी नाकारली आहे. खाली तिची सही. टाळ्या वाजल्या. शेजारच्या बाईनं कौतुकानं तिचा हात दाबला.

कुंदाची कानशिलं तापली. कसली ऑर्डर आणि कसलं काय. तीन वेळा अर्ज म्हणजे महिनोन् महिने हा माणूस हे पोटात ठेवून जेवत होता, आपल्या हातचं. शाळेला नकार लिहिताना समोर बसून चहा पीत होता. आणि तो नकारही यानं तिच्याच नावानं वापरला होता. चोर निदान घरातली वस्तू नेतो. यानं तिचं मन नेलं होतं आणि वर तिच्याच नावानं दान केलं होतं.

"भाभीजी, दो शब्द," साहेब म्हणाले.

ती उभी राहिली. एक वाक्य पुरे होतं. सही माझी आहे, मजकूर माझा नाही, एवढं म्हटलं की त्याचं नाव कटलं असतं. श्रीकांत आपल्या बुटांकडे बघत होता. मान वर करायची त्याची छाती नव्हती. म्हणायचंच, असं तिनं ठरवलंही. पण तिकडे कुणी जळलेला हात घेऊन वाट बघत बसलेलं असणार, त्याचा यात काय दोष?

"मुझे कोई एतराज़ नहीं," कुंदा म्हणाली आणि खाली बसली. तिची संमती खरोखर मिळाली ती तेव्हा, पहिल्यांदा.

तीन दिवस ती श्रीकांतशी बोलली नाही. सामान मात्र भरलं, सुती मोजे, लिंबाचं लोणचं, सगळं. आईंना शेजारच्या विनताकडे सोपवून ती स्टेशनवर गेली, कारण न जाण्याची चर्चा गावभर झाली असती.

मुंबईची गाडी लागली. श्रीकांत घुटमळला.

"तू अजून रागातच आहेस न? सांगितलं असतं तर तू नाही म्हटलं असतं, कुंदा. म्हणून भिऊन राहिलो होतो मी."

"मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "रडले असते, भांडले असते, शाळा सोडायचं दुःख केलं असतं. पण हो म्हटलं असतं. तुम्ही विचारलंच नाही."

त्याचा चेहरा उजळला.

"अच्छा, मग झालं तर! मी उगीच मनाला लावून घेऊन राहिलो होतो."

आणि तो हलक्या मनानं डब्यात चढला. गाडी हलली तेव्हा खिडकीतून हसून हात हलवत होता. कुंदाला त्या कागदाचाही एवढा राग आला नव्हता, जेवढा त्या हसण्याचा आला.